पाच-बाराची सुट्टी

आधीच सांगून ठेवतो, माझं प्लॅनिंग बरोबर होतं! यान्बूतल्या मराठी मंडळींत माझ्याविषयी जे सांगितलं जातं त्यातलं निम्मं खोटं आहे आणि उरलेलं निम्मं तिखटमीठ लावून सांगितलेलं आहे. मी पेशानं प्लॅनर. अख्खी रिफायनरी महिनाभर बंद करायची, उघडायची, साफ करून पुन्हा सुरू करायची, त्यात कुठला नट कुठल्या दिवशी कोण सोडवणार हे तक्त्यात मांडणारा माणूस तो मी! बाराशे माणसं माझ्या तक्त्याबरहुकूम हलतात. अशा माणसाला तीन जणांची सहल आखता येऊ नये?

गोष्ट दोन हजार बाराची. तेलाचा भाव शंभर डॉलरच्या वर जाऊन ठाण मांडून बसला होता. यान्बूत दर महिन्याला नव्या प्लांटचं भूमिपूजन व्हायचं, म्हणजे नारळ सोडून बाकी सगळं. आमच्या कॉलनीतलं कुणी स्वित्झर्लंडला जाऊन बर्फात फोटो काढून येत होतं, कुणी मलेशियाला. आम्ही मात्र चौदा वर्षं दर सुट्टीला देवगड. एका वर्षी घराचं छप्पर, एका वर्षी बहिणीचं लग्न, एका वर्षी विहिरीचा पंप, मग पुन्हा छप्पर. बायको नंदा आणि मुलगी मुन्नी या दोघींनी विमानातून बाहेर पडून पाहिलेलं जग म्हणजे मुंबईचा विमानतळ आणि पुढे आंब्याची झाडं.

अशात एका शुक्रवारी न्यू जर्सीहून माझे साडू मोहनराव यांचा फोन आला.

"दौलतराव, आम्ही डिसेंबरात कॅरिबियन क्रूझला जातोय. आठवडाभर जहाजावर. तुम्ही पण या! तुमच्या तिघांचं मीच बुक करून टाकतो. गिफ्ट समजा!"

गिफ्ट! साडूकडून! तुम्हाला साडू असेल तर पुढचं सांगायला नको. अंगाची लाही लाही झाली. पण नंदा शेजारी उभी राहून ऐकत होती आणि तिचा चेहरा बघून मी राग गिळला.

त्याचं कारण असं. नंदा आणि तिची थोरली बहीण अर्चनाताई नऊ वर्षांत एकमेकींना भेटल्या नव्हत्या. त्यांची आई गेली तेव्हा ताईंची अमेरिकेतली कागदपत्रं अडकली होती, देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. तेराव्याला नंदा आईच्या फोटोसमोर एकटीच बसली होती. पुढे ताई डिसेंबरात भारतात यायच्या आणि आम्ही जूनमध्ये, त्यामुळे गाठ पडायची नाही. फोनवर दोघी तासन् तास बोलतात, पण आईचं नाव निघालं की दोन्हीकडे शांतता. मग नंदा म्हणते, "बरं ताई, कुकर लावायचाय." कुकर लागलेला असतो!

म्हणून मी मोहनरावांना म्हणालो, "येतो. पण आमचे पैसे आम्ही भरणार."

"अहो, महाग असतं ते..."

"मोहनराव, तुम्ही जेवढ्यात एक माणूस नेता तेवढ्यात मी तिघांना नेऊन दाखवतो!"

नंदानं कपाळाला हात लावला. पण फोन ठेवल्यावर तिनं न मागता चहा केला.

मग मी कामाला लागलो. पहिलं म्हणजे हंगाम. मोहनरावांना नाताळात जायचं होतं. मी आठ दिवस इंटरनेटवर बसून शोध लावला की डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जहाजं रिकामी जातात, कारण वादळं संपलेली असतात आणि अमेरिकन पोरांच्या शाळा सुरू असतात. भाव निम्म्यावर! मोहनरावांना तारीख बदलायला लावली. आठ डिसेंबरला फ्लोरिडाहून जहाज सुटणार. ताईंनी त्यांच्या ऑफिसात भांडून तो आठवडा मिळवला. दुसरं म्हणजे खोली. मोहनरावांनी बाल्कनीची घेतली होती. मी घेतली बिनखिडकीची, इंजिनाच्या जवळची.

"बिनखिडकीची?" नंदा म्हणाली. "मग समुद्र कसा दिसणार?"

"वर जाऊन बघायचा! खिडकीला कसले पैसे? देवगडला फुकट दिसतो."

"पप्पा, इट्स लाइक अ स्टोअर रूम," मुन्नी म्हणाली. ही पोरगी बापाशी मराठीत फक्त पैसे मागताना बोलते.

तिसरं म्हणजे विमान. बाजारात हैदराबादच्या कादिरभाईंची ट्रॅव्हल एजन्सी आहे. त्यांनी मला असं तिकीट शोधून दिलं की जाताना तीन विमानतळांवर मिळून एकोणीस तास बसायचं.

"सस्ता तो हौ साब," कादिरभाई म्हणाले, "मगर रिफंड नै, चेंज नै, नाम बदलना नै. कुछ बी नै. सोच लेओ."

"सोच लिया! चेंज की ज़रूरत उसको पड़ती है जिसको प्लॅनिंग नहीं आती!"

हे वाक्य कादिरभाईंनी लक्षात ठेवलं, हे मला नंतर कळलं.

जहाजावर एका संध्याकाळी सगळ्यांनी सूट घालून जेवायचं असतं म्हणे. तयार सूट महाग. मी आमच्या कॅम्पापलीकडच्या शिंप्याकडे शिवायला टाकला. हा शिंपी बावीस वर्षं फक्त रिफायनरीचे डांगरी कपडे शिवतोय. सूट उत्तम झाला, फक्त डाव्या दंडावर पेन ठेवायचा खिसा आला आणि पाठीवर चमकणारी पट्टी. पट्टी मी उसवली. खिसा ठेवला, उपयोगी पडतो.

आता येतो त्या फॉर्मवर, ज्यावरून एवढं रामायण झालं.

आमच्याकडे सुट्टीचा आणि एक्झिट री-एन्ट्रीचा, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यायच्या परवानगीचा, फॉर्म अरबीत असतो. चौदा वर्षं मी तो बाजारातल्या टायपिंगवाल्याकडून भरून घेत आलो. एका फॉर्मचे वीस रियाल. तिघांचे साठ! साठ रियालमध्ये मुन्नीला तीन महिने पेन्सिली येतात. मी म्हटलं, चौदा वर्षं या देशात काढली, अरबी आकडे मला झोपेत येतात, मीच भरणार! आणि भरला. पाच डिसेंबरपासून पंधरा दिवस. दिवस पाच, महिना बारा. वर्ष ऑफिसवाले घालतात. तुम्हाला माहीत नसेल, अरबी पाच दिसतो आपल्या शून्यासारखा आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. तिथेच भलेभले चुकतात! मी तिन्ही फॉर्मवरचे पाच तीनतीनदा तपासले. पाच म्हणजे पाचच होते. रेघेच्या टोकाला एक बारीकसं छापील अक्षर होतं, ते मला नक्षी वाटली.

फॉर्म घेऊन मुदीरकडे, म्हणजे आमच्या सौदी मॅनेजरकडे गेलो. तो मोठा दिलदार माणूस, पण त्याचं माझं तेव्हा वाजलं होतं. त्याला एका युनिटचं शटडाऊन डिसेंबरात हवं होतं, मला जानेवारीत. मी भर मीटिंगमध्ये त्याला "तुमचं चुकतंय" असं सुनावलं होतं. त्यानं फॉर्मकडे पाहिलं आणि विचारलं, "कधीपासून?"

"बाराव्या महिन्याच्या पाच तारखेपासून."

त्यानं भुवया उंचावल्या, जरा हसला, आणि सही ठोकली. मला वाटलं, आपला दरारा!

ऑक्टोबरच्या वीस तारखेला, शनिवारी, काम सुटायच्या वेळेला नसरुद्दीन आला. हा आमचा मंदूब, म्हणजे सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन सरकारी कचेऱ्यांत खेपा घालणारा माणूस. घाईत होता, त्याच संध्याकाळी हजला निघायचा होता. तिन्ही पासपोर्ट माझ्या टेबलावर टाकून म्हणाला, "लो दौलतभाई, हो गया! सब को ये छुट्टी चाहिए थी और मिली किसको? आपको! नसीबवाले हो. यल्ला!"

आणि गेला. दीड महिना आधी पासपोर्ट तयार! याला म्हणतात प्लॅनिंग! मी पासपोर्ट उघडूनसुद्धा पाहिले नाहीत. ड्रॉवरमध्ये टाकले, कुलूप लावलं आणि शीळ घालत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लांटच्या गेटवर कार्ड लावलं. लाल दिवा. पुसून लावलं. लाल दिवा. शर्टाला घासून लावलं. तरी लालच. मागे कंपनीची बस थांबलेली, बसमधली पन्नास डोकी खिडकीतून बघतायत. शिपाई आत जाऊन कॉम्प्युटर बघून आला. त्यानं दोन्ही तळहात एकमेकांवर झटकले.

"खलास!"

"क्या खलास?"

"दौलत खलास. रूह, रूह!" म्हणजे जा, जा.

आता अरबीत खलास म्हणजे 'झालं', 'ठीक', 'पुरे', 'संपलं', काय वाटेल ते. पण पन्नास माणसांसमोर लाल दिव्याखाली उभं राहून हा शब्द ऐकला की मराठी माणसाला त्याचा एकच अर्थ ऐकू येतो. माझी नोकरी गेली! मीटिंगमध्ये बोललो त्याचा मुदीरनं सूड घेतला! म्हणून तो हसला होता!

मुदीरला फोन लावला. बंद. तो हजला. नसरुद्दीनला लावला. बंद. कचेरीत लावला तर कुणीतरी उचलून बघितलं आणि म्हणालं, "दौलत? नॉट ऑन ड्यूटी. बादल ईद, बादल ईद," आणि ठेवून दिला. बादल ईद म्हणजे ईदनंतर. संपलं! पासपोर्ट कुलपात, कुलूप गेटच्या आत, आणि मी गेटच्या बाहेर.

घरी येऊन नंदाला सांगितलं. ती डाळ निवडत होती. तिनं नोकरीविषयी काही विचारलं नाही, पगाराविषयी नाही. ताट बाजूला ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "म्हणजे ताई भेटत नाही."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. तसं कधी वाटलं नव्हतं. आणि मला वाईट वाटलं की राग येतो, हा माझा स्वभाव.

"का नाही भेटत? तिकिटं काढलेली आहेत!"

"अहो, मुदीरसाहेब हजहून आले की जाऊन माफी मागा. दोन शब्दांनी काय जातं?"

"माफी? मी? शटडाऊन जानेवारीतच बरोबर आहे! मरेन पण माफी मागणार नाही!"

"मग जहाजात बसून पण तेच सांगा. आधी जहाजात तरी बसू द्या."

दुपारपर्यंत बसमधली पन्नास डोकी जिथे जिथे उतरली तिथे तिथे बातमी पोचली. आखातात राहिलेल्यांना ठाऊक आहे की एखाद्याचं फायनल एक्झिट झालं, म्हणजे कायमचा गाशा गुंडाळला, की लोक भेटायला येतात. डोळ्यांत पाणी असतं आणि खिशात सामान मोजायचा टेप असतो.

पहिला आला भिकू. आमच्या मालवणकडचा, कॅम्पात वेल्डर, एकटा राहतो. दारातच गळ्यात पडला.

"दौलतानू, असा कसा झाला ओ! देवासारखो माणूस!" मग डोळे पुसत म्हणाला, "गाडीचा काय ठरवलास?"

"गाडीचं काय?"

"आता काय विमानात घालून नेतलास? माका देवा. परक्याच्या हातात जाण्यापरीस आपल्याक बरी."

त्याच्यामागे शेजारच्या आबिदाभाभी. त्या रत्नागिरीच्या, नवरा बंदरावर क्रेन चालवतो. बिर्याणीचं पातेलं घेऊन आल्या, नंदाला मिठी मारून रडल्या, आणि रडता रडता फ्रिजचं दार दोनदा उघडून बंद करून पाहिलं.

"रबर चांगलं आहे गं," म्हणाल्या. "दौलतभाई, तुम्हाला असं काढायला नको होतं."

'काढलं' हा शब्द मला लागला. पंगतीत अपमान झालेला माणूस पाटावरून उठावा तसा मी ताडकन् उठलो.

"कुणी काढलं? मला कुणी काढलं नाही! मी सोडली! लाथ मारली नोकरीला!"

"काय सांगता!"

"तर! जगप्रवासाला निघालोय. आधी क्रूझ, मग बघू! फ्रिज पाहिजे? घेऊन जा!"

नंदा स्वयंपाकघरातून "अहो!" म्हणाली. पण माझी जीभ एकदा उतारावर लागली की ब्रेक नसतात. आणि एक सांगतो, रागातसुद्धा मी हिशेब सोडला नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन, सोफा आणि गाडी, चारही वस्तू मी चांगल्या भावात विकल्या! दोन दिवसांत घर असं मोकळं झालं की हाक मारली की घुमायची.

मुन्नी शाळेतून आली आणि दारात उभी राहिली. "पप्पा, व्हेअर इज अवर हाउस?"

"आहे की, हे काय! सामान गेलंय."

"आर वी पुअर नाऊ?"

"आपण स्वाभिमानी आहोत," मी म्हणालो. ती म्हणाली, दोन्ही एकच दिसतं, आणि चटईवर बसून अभ्यास करायला लागली.

पुढचे तीन दिवस मी त्या चटईवर लोळून स्वाभिमान उपभोगला. नंदा दूध बादलीतल्या पाण्यात ठेवायची आणि माझ्याशी कामापुरतं बोलायची. ताईंचा दोनदा फोन आला, तिनं त्यांना काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी मी ऐकलं, ताई पलीकडून विचारत होत्या की जहाजावर नेसायला आईची जांभळी साडी आणशील का. नंदा "बघते" म्हणाली आणि तिला कुकर आठवला.

शुक्रवारी बकरी ईद. सकाळी नसरुद्दीनचा फोन आला, मक्केजवळच्या मिनाहून. मागे लाखो माणसांचा गजबजाट.

"ईद मुबारक दौलतभाई! समंदर की हवा कैसी है?"

"कैसा समंदर? ज़ख्म पे नमक मत डालो, नसरुद्दीनभाई."

"अरे, आप जहाज़ पे नहीं गए? छुट्टी तो इतवार से शुरू है आपकी!"

"छुट्टी? मेरी छुट्टी पाँच बारा से है! डिसेंबर!"

मागचा गजबजाट कमी झाला, तो कुठेतरी आडोशाला गेला असावा.

"दौलतभाई," तो हळूच म्हणाला, "फॉर्म हिजरी का है. पाँच बारा मतलब पाँच ज़ुल-हिज्जा. वो तो इतवार को थी. आज दस है, आज ईद है! पूरे मुल्क को मालूम है आज बारहवाँ महीना है!"

ती नक्षी! रेघेच्या टोकाची ती नक्षी म्हणजे हिजरीचा, म्हणजे इस्लामी कालगणनेचा, 'ह' होता! पूर्ण सौदी अरेबियात बारावा महिना चालू होता आणि मी एकटा दहाव्या महिन्यात बसलो होतो.

नोकरी शाबूत होती. मी रजेवर होतो! त्या चटईवर, बिनफ्रिजच्या घरात, मी माझी हक्काची वार्षिक सुट्टी साजरी करत होतो!

नंदाला सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती आधी हसली, मग हसता हसता रडली, मग म्हणाली, "फ्रिज आणा."

आबिदाभाभींकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, ईदेची शीरखुर्म्याची वाटी हातात दिली आणि मी विषय काढल्यावर हळहळल्या.

"अल्लाचे आभार, नोकरी आहे! पण दौलतभाई, फ्रिज आता कसा देऊ? कुर्बानीचं मटण भरलंय. दोन बकरे आहेत आत! महिनाभर तरी हलवता येणार नाही. तुमचं दूध आणून ठेवा हवं तर, एक कप्पा देते."

सोफा ज्यानं नेला त्यानं विकत घेतल्यापेक्षा तीनशे रियाल जास्त सांगितले. भिकूनं तर गाडीला लिंबू-मिरची बांधून पुढच्या काचेवर कुलदैवताचं नाव लिहून टाकलं होतं. "दिलेला दान नि सुटलेला बाण," म्हणाला. मी म्हटलं, "दान नव्हतं ते, पैसे घेतलेत!" तर म्हणाला, "म्हणान तर परत देऊचा नाय!"

ईदनंतर कचेरी उघडली. मी फॉर्मची प्रत घेऊन ताठ मानेनं मुदीरसमोर उभा राहिलो. चूक फॉर्मची होती, माझी नव्हती! जगातल्या कुठल्याही माणसानं 'बारा' म्हटलं की काय समजायचं?

मुदीरनं ऐकून घेतलं. मग तो हसायला लागला. डोक्यावरचा रुमाल सरकेपर्यंत हसला. मग पाणी प्याला आणि म्हणाला, "दौलत, मी म्हटलं हा माणूस शहाणा! मला डिसेंबरात शटडाऊन हवं होतं, तू मीटिंगमध्ये भांडलास, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं ऑक्टोबरातली सुट्टी मागितलीस. मला वाटलं, तू माझं ऐकलंस! म्हणून मी खूश होऊन सही केली. शटडाऊन एक डिसेंबरला ठरलं. वरून मंजूर झालं. मीटिंगला तू नव्हतास."

"बिनपगारी सुट्टी द्या."

"बाराशे माणसं येतायत, दौलत. त्यांना नट कुठला सोडवायचा हे कोण सांगणार?"

चौदा वर्षांत मी त्या माणसापुढे कधी आवाज खाली आणला नव्हता. त्या दिवशी आणला. सांगितलं की माझ्या बायकोची बहीण आहे, नऊ वर्षं भेट नाही, आई गेल्यावर दोघी एकत्र रडल्यासुद्धा नाहीत. तो हसायचा थांबला. हातातली जपमाळ फिरवू लागला.

"बहिणी त्या दोघी आहेत ना?" तो म्हणाला. "मग तू कशाला पाहिजेस? बायको आणि मुलगी जाऊ देत. त्यांचे कागद मी आजच्या आज करवतो. तू राहा."

घरी येऊन सांगितलं. मीच पुढे म्हणालो, "ते काही शक्य नाही. तीन विमानतळ, एकोणीस तास, तू एकटी, पोर बरोबर..."

"मी जाते," नंदा म्हणाली.

"तुला इथे कोपऱ्यावरच्या दुकानात एकटीला..."

"अहो, मी जाते म्हटलं ना! सूट घेऊन जाऊ का तुमचा? मोहनरावांना होईल."

"तो घेऊन जायचा नाही!"

या खेपेला फॉर्म तिनं भरला. टायपिंगवाल्याकडे गेली, वीस-वीस रियाल टाकले, आणि त्याच्याकडून दोन्ही तारखा लिहून घेतल्या, हिजरी आणि आपली. मी बाहेर उन्हात उभा राहून पैसे वाया जाताना बघत होतो.

माझं तिकीट परत करायला कादिरभाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला. "साब, चेंज की ज़रूरत किसको पड़ती बोले थे आप?" मी उठलो. चहा मात्र पिऊन उठलो.

डिसेंबरच्या चार तारखेला आम्ही जेद्दाला निघालो. भिकूनं आमच्याच गाडीतून सोडलं, मी माझ्या स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर बसलो आणि तो मला म्हणाला, "दौलतानू, दार हळू लावा." विमानतळावर नंदानं मागे वळून हात केला. तिच्या हातातल्या पिशवीत आईची जांभळी साडी होती. ती आत दिसेनाशी झाली तरी मी टाचा उंचावून बघत होतो, हे कबूल करतो. पण तिकडे कुठेही ती चुकली नाही. प्रत्येक विमानतळावरून तिचा मेसेज यायचा: पोचलो. जेवलो. तुमची भाकरी फ्रिजमध्ये आहे, म्हणजे आबिदाभाभींच्या.

नऊ दिवस मी शटडाऊनमध्ये गळ्यापर्यंत बुडालो होतो. रात्रंदिवस धूळ आणि भोंगे. एक सांगतो, शटडाऊन डिसेंबरात घेणं चुकीचंच होतं! मी मुदीरला तसं रोज सांगत होतो.

मग एका बेटावरच्या बंदरातून ताईंच्या मोबाइलवरून फोन आला. आधी नुसता हसण्याचा आवाज. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, मला एक शब्द कळेना. मग नंदा म्हणाली, "अहो, काल आम्ही दोघी रात्रभर वर डेकवर बसलो होतो. आईच्या सगळ्या गोष्टी काढल्या. खूप रडलो. आणि मग ताईला मी तुमची सुट्टीची गोष्ट सांगितली तर ती हसून हसून खुर्चीतून पडली!"

मागून ताई ओरडल्या, "नंदा, दौलतरावांना सांग, पुढच्या वर्षीचा फॉर्म पण त्यांनीच भरायचा!"

दोघी पुन्हा हसत सुटल्या. आई गेल्यापासून मी नंदाचं असं हसणं ऐकलं नव्हतं. मी प्लांटच्या आवाजात एक कान दाबून ते ऐकत उभा राहिलो. हसण्याचा विषय मी होतो, तरी चालेल! मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

फक्त एक खटकलं. 'तुमची आठवण येते' असं काही ती म्हणाली नाही. गडबडीत राहिलं असेल, म्हणून मी अर्ध्या तासानं उलटा फोन लावला. मोहनरावांनी उचलला. आवाज पडलेला.

"कोण, दौलतराव? अहो, दोघींनी मला बंदरावर बाकावर बसवून ठेवलंय. मुन्नीला घेऊन बाजारात गेल्यात, तीन तास झाले. फोन पण माझ्याकडेच टाकून गेल्या. म्हणाल्या, तुम्ही फक्त पिशव्या सांभाळा."

चौदा वर्षांत पहिल्यांदा मला त्या माणसाविषयी माया वाटली.

"किती पिशव्या आहेत, मोहनराव?"

"नऊ," ते म्हणाले. "आणि दौलतराव, वाईट वाटून घेऊ नका, पण त्यातल्या सात तुमच्याकडच्या आहेत."